तपासणी उंबऱ्याच्या आत व्हावी
(शाखा मेळाव्यातील भाषण)



आपण रेल्वेतले असू वा टपाल खात्यातले, सरकारी क्वार्टर आपल्याला फुकट मिळत नाही. दरमहा लायसन्स फी कापली जाते आणि घरभाडे भत्ता सोडावा लागतो. जानेवारी २०२४ पासून मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत हा भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के झाला. मूळ वेतन ३० हजार असेल तर महिन्याला ९ हजार रुपये आपण सोडतो. एवढे मोजून घेतलेले घर राहण्याजोगे आहे की नाही, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? आजचे बोलणे याच प्रश्नावर आहे.

साहेबांचा दौरा ठरला की वसाहतीत काय होते, ते तुम्ही जाणता. गवत कापले जाते, रस्त्याच्या कडेला चुन्याचे पट्टे पडतात, गटारावर पावडर टाकली जाते. साहेब रस्त्याने येतात आणि रस्त्यानेच जातात. आत स्लॅबचे प्लास्टर सुटून सळ्या दिसत असतात, पावसाळ्यात भिंतीला हात लावायची भीती वाटते. तक्रार-वहीत ‘काम हाती घेण्यात येईल’ असा शेरा पडतो; पण कधी, ते लिहिलेले नसते.

याच बाबतीत अमेरिकेत काय घडले ते आम्ही मुद्दाम सांगतो. त्या देशाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तिथल्या अनुभवात घेण्यासारखे आहे, तसे सावध होण्यासारखेही आहे.

तिथे १९७४ च्या कायद्याने गरीब कुटुंबांच्या खाजगी घरांच्या भाड्याला सरकारी मदत सुरू झाली. त्यासाठी घराचे किमान निकष ठरले: पाणी, संडास, वीज, उष्णता, छप्पर, दाराची कडी. घर निकषात बसल्याखेरीज सरकारी पैसा नाही. पुढे बिघाड झाला तर जिवावर बेतणारा दोष २४ तासांत आणि इतर दोष साधारण ३० दिवसांत दूर करायचा. मालकाने टाळाटाळ केली तर त्याला मिळणारे सरकारी भाडे थांबते. लक्षात ठेवा, दंड मालकाला आहे, भाडेकरूला नाही.

सरकारी मालकीच्या वसाहतींसाठी १९९८ मध्ये सर्वत्र एकच पद्धत आली. शंभरपैकी गुण द्यायचे, साठाच्या खाली नापास. कागदावर हे उत्तम. पण गुण साऱ्या वसाहतीचे मिळून. त्यात आवार, इमारतीची बाहेरची बाजू, जिने हे सारे आले. शिवाय तपासणीची सूचना कधी कधी चार महिने आधी मिळे. तेवढ्यात वरवरची डागडुजी उरकली जाई. अखेर फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या गृहनिर्माण खात्याने ही मुदत १४ दिवसांवर आणली. चुन्याचे पट्टे, मित्रांनो, सगळीकडेच मारले जातात!

त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण कॅरोलायना राज्यातील कोलंबिया शहरात अ‍ॅलन बेनेडिक्ट कोर्ट या सरकारी वसाहतीत दोन रहिवासी कार्बन मोनॉक्साइड वायूने मरण पावले. चारशेहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. या वायूला रंग नाही, वास नाही. त्याची सूचना देणारे यंत्र घरात हवे, अशी सक्तीच तेव्हाच्या तपासणीत नव्हती. जे यादीत नाही ते तपासले जात नाही. पुढे कायदा झाला आणि डिसेंबर २०२२ अखेर हे यंत्र सक्तीचे झाले.

२०२३ मध्ये नवे निकष आले. आता घराच्या आतल्या दोषांना जास्त वजन आहे. जिवावर बेतणारे आणि गंभीर दोष २४ तासांत, मध्यम ३० दिवसांत, किरकोळ ६० दिवसांत, अशा मुदती सरकारी वसाहतींना बांधून दिल्या आहेत. कोणती घरे तपासावीत हे सुचवण्याची सोय रहिवाशांनाही मिळाली.

आता सावधगिरीचा भाग. तपासनीस दोष लिहितो, स्लॅब तो बांधत नाही. २०१० मध्ये तिथल्या सरकारी वसाहतींच्या थकलेल्या दुरुस्त्यांचा खर्च सुमारे २६ अब्ज डॉलर निघाला होता. निकषामागे पैसा उभा नसेल तर नापासाचा शिक्काच तेवढा हाती राहतो.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. एक, क्वार्टरच्या तपासणीची छापील यादी हवी. स्लॅब, वायरिंग, अर्थिंग, गळती, संडास, ड्रेनेज, पिण्याचे पाणी हे सारे घरात जाऊन तपासले जावे. दोन, प्रत्येक दोषाला मुदत असावी. उघडी वायर आणि लोंबणारे प्लास्टर यांना २४ तास, त्याहून जास्त नाही. तीन, तपासायच्या घरांपैकी काही घरे रहिवाशांनी सुचवावीत. चार, निकाल वसाहतीच्या फलकावर लागावा. पाच, मुदत उलटली तर लायसन्स फीची कपात थांबावी. आणि या सर्वांसाठी दुरुस्तीचा निधी वेगळा राखून ठेवावा.

हे मांडायला जागा आहे. रेल्वेत पीएनएम १९५२ पासून आहे, केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी जेसीएम १९६६ पासून आहे. पण तिथे ‘क्वार्टरांची अवस्था वाईट आहे’ एवढेच सांगून भागत नाही. प्रशासन विचारते, कोणते क्वार्टर? काय वाईट? कधीपासून?

त्याचे उत्तर आपल्या हातात हवे. प्रत्येक शाखेने आपल्या वसाहतीतील घरे फिरावीत. क्वार्टर नंबर, दोष, पहिल्या तक्रारीची तारीख आणि त्यावरचा शेरा असे चार रकाने भरावेत. ज्या घरात कामगार ड्यूटीवर असतो तिथे घरच्या बाईला विचारा; गळती कुठून येते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते. ही यादी घेऊनच पुढच्या बैठकीला या.