दुखणे अंगावर काढू नये



१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात, येरवडा तुरुंगातील बंदी महात्मा गांधी यांच्यावर अपेंडिक्सची तातडीची शस्त्रक्रिया झाली. संमतिपत्रावर त्यांनी स्वतः सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली. कर्नल मॅडॉक यांनी कंदिलाच्या उजेडात काम पूर्ण केले. सकाळची वाट कोणी पाहिली नाही.

शहापूर-मुरबाडच्या घरांत मात्र गृहिणी दुखणे अंगावर काढते आणि पती ‘सकाळी पाहू’ म्हणतो. पोटात कळ उठली की एरंडेल दिले जाते, शेक दिला जातो. अपेंडिक्सच्या दुखण्यात हेच उपाय घातक ठरतात. सुजलेले अपेंडिक्स फुटून पोटात विषार पसरू शकतो. अशा वेळी तोंडाने काहीही न देता रुग्णालय गाठावे. मुरबाडला रेल्वे नाही. रात्री रस्त्याचाच आधार. १०८ क्रमांकाची विनामूल्य रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे.

जुनी कागदपत्रे, चालू औषधांची यादी आणि थोडी रोकड एका पिशवीत तयार असावी. ती कोठे आहे हे दोघांनाही ठाऊक असावे. पत्नीला सहधर्मचारिणी म्हणतात. त्या शब्दाचा मान पतीने अशा रात्री वेळेवर उठून राखावयाचा असतो.