युरोपातील नागरिकत्व आणि आपण
(इंग्लंडमध्ये भीमजयंतीच्या सभेत केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो. आपल्यापैकी काहींजवळ भारताचे पारपत्र आहे, काहींजवळ ब्रिटनचे. काहींची मुले जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरी करतात. एकाच कारखान्यात शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोघांचे हक्क पारपत्रावरून निराळे ठरतात. म्हणून हे हक्क कोठून आले आणि ते कसे जातात, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

१९५७ च्या रोम कराराने सहा राष्ट्रांनी एकमेकांच्या कामगारांना आपली दारे उघडण्याचे मान्य केले. १९६८ च्या नियमाने या कामगारांच्या बाबतीत वेतन व कामाच्या अटींमध्ये राष्ट्रीयत्वावरून भेद करण्यास मनाई केली. पुढे ७ फेब्रुवारी १९९२ रोजी मास्ट्रिख्ट येथे करार झाला, तो १ नोव्हेंबर १९९३ पासून अमलात आला आणि 'युरोपीय संघाचे नागरिकत्व' जन्मास आले. तोपर्यंत संचाराचा हक्क मुख्यतः कष्ट करणाऱ्या हातांचा होता. आता तो नागरिक म्हणून माणसाचा झाला. २००४ च्या निर्देशानुसार संघातील नागरिक दुसऱ्या सदस्य देशात तीन महिने केवळ ओळखपत्रावर राहू शकतो. त्यापुढे नोकरी, व्यवसाय, शिक्षण किंवा स्वतःच्या निर्वाहाची व आरोग्यविम्याची सोय असावी लागते. पाच वर्षे सलग वैध वास्तव्य झाले की कायम वास्तव्याचा हक्क मिळतो. तेथील नगरपालिकेसाठी आणि युरोपीय संसदेसाठी मतही देता येते. राष्ट्रीय संसदेसाठी मात्र या नागरिकत्वाच्या बळावर मत देता येत नाही.

या इमारतीचा पाया एकच आहे, तो म्हणजे सदस्य राष्ट्राचे नागरिकत्व. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले, ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला. आपल्या ज्या बांधवांनी ब्रिटिश पारपत्र घेऊन पॅरिस किंवा बर्लिनला जाण्याचे मनोरथ रचले होते, त्यांचा हा हक्क त्या रात्री संपुष्टात आला. आधीपासून तेथे राहणाऱ्यांचे वास्तव्य करारामुळे टिकले, पण ते त्या एकाच देशापुरते. उलट, १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज गोव्याशी असलेल्या नात्यामुळे पोर्तुगालचे नागरिक झालेले आणि स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झालेले गोमंतकीय शेजारी आपण पाहतो. त्यांना ब्रिटनमधील वास्तव्य राखण्यासाठी नव्याने अर्ज करावा लागला, आणि त्याची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ होती. वर्षानुवर्षे राबलेल्या माणसालाही आपण येथे राहत होतो याचा पुरावा द्यावा लागला.

भारतीय पारपत्रधारकाला संघात असा मुक्त संचार कधीच नव्हता. त्याच्यासाठी २००३ चा निर्देश आहे: एका सदस्य देशात पाच वर्षे सलग वैध वास्तव्य झाले आणि इतर अटी पुऱ्या झाल्या की दीर्घकालीन रहिवाशाचा दर्जा मिळू शकतो. आयर्लंड आणि डेन्मार्क यांना हा निर्देश लागू नाही. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वास मोकळीक दिली, परंतु भारताच्या संविधानाचे नववे कलम आणि नागरिकत्वाचा कायदा ती देत नाहीत. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते. नंतर मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतात ये-जा करता येते, पण मत देता येत नाही. बाबासाहेबांच्या संविधानाने दिलेले मत सोडून द्यायचे की नाही, हा केवळ कागदपत्रांचा प्रश्न नाही. ज्याने त्याने तो विवेकाने सोडवावा. कोणी कोणास बोल लावू नये.

मित्रहो, हक्क कागदावर असणे आणि तो बजावता येणे यांतील अंतर आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला, महाडच्या नगरपालिकेनेही तो स्वीकारला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. आज ब्रिटनमध्ये वैध वास्तव्य असलेला अठरा वर्षांवरील भारतीय नागरिक, राष्ट्रकुलातील नागरिक या नात्याने, येथील संसदेसाठी मत देऊ शकतो. आपल्यातील कित्येकांना हे ठाऊकच नाही. मतदारयादीत नाव नसणे म्हणजे तळ्याकाठी उभे राहून तहानलेले परतणे होय.

दुसरी गोष्ट जातीची. जात पारपत्र तपासणाऱ्याला दिसत नाही, तरी ती सामानाबरोबर येते. आडनावाच्या चौकशीतून, जेवणाच्या डब्यावरून, भाड्याच्या खोलीच्या बोलण्यातून ती डोके वर काढते. २०१० च्या ब्रिटिश समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद होती; २०१३ मध्ये ती सरकारवर बंधनकारक झाली; परंतु २०१८ मध्ये सरकारने ती अमलात न आणण्याचे जाहीर केले. तरीही २०१४ च्या एका निकालात अपील न्यायाधिकरणाने वांशिक मूळ या संज्ञेत काही प्रसंगी जात येऊ शकते असे मानले आहे. युरोपीय संसदेनेही २०१३ मध्ये जातिभेदाविरुद्ध ठराव केला. दरवाजा पूर्ण उघडला नाही, पण तो कुलूपबंदही नाही.

म्हणून आमची विनंती अशी. प्रत्येक कुटुंबाने वास्तव्याची, नोकरीची व कराची कागदपत्रे जपून ठेवावीत. ज्यांना मताधिकार आहे त्यांनी या महिन्यातच नाव नोंदवावे. अर्ज भरण्यास कार्यकर्ते मदत करतील. कामावर जातीवरून अपमान झाल्यास तारीख, वेळ व साक्षीदार लिहून ठेवावेत आणि एकट्याने सोसू नये. कामगार संघटनेकडे जावे, आपल्या संस्थेस कळवावे. आणि मुलांना पारपत्राबरोबर महाडचा इतिहासही द्यावा.

बाबासाहेब या शहरांतून ज्ञान घेऊन मायदेशी परतले; आपल्यातील अनेकजण येथेच राहणार आहेत. राहणाऱ्याने पाहुण्यासारखे संकोचून राहू नये. जेथे आपण श्रम करतो, कर भरतो आणि मुले वाढवतो, तेथे समतेने वागणे व समतेची वागणूक मागणे, हेच त्या महामानवास खरे अभिवादन ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!