लेखनाला घरचा आधार हवा



"घरची बोली निराळी, शाळेची मराठी निराळी, आम्हांला लिहिणे कसे जमावे?" असे आपली मुले विचारतात. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत रचला. मराठी आपल्याला परकी नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. काम करता करता त्या गाणी रचीत. घरच्यांनी ती टिपून ठेवली, म्हणूनच त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. टिपणारे कोणी नसते, तर ते धन त्यांच्याबरोबरच गेले असते.

विद्यार्थ्यांनो, स्फूर्तीची वाट पाहू नका. रोज ठरल्या वेळी अर्धे पान लिहा. विषय दूर शोधू नका. नळावरची रांग, ईदची खरेदी, आजीच्या तोंडची म्हण, हे सारे विषयच आहेत. घरची बोली संवादात तशीच येऊ द्या. लिहिलेले दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळेल तिथे वाक्य सुधारा. एखाद्या मासिकाकडून लेख परत आला, तर तो फाडू नका. पुन्हा तपासा व दुसरीकडे पाठवा.

पालकांनो, मुलाने वही पुढे केली की लाल पेन्सिल लगेच उचलू नका. आधी मजकूर ऐका, शुद्धलेखन मागाहून पाहा. मुलींच्या वहीलाही तेवढाच वेळ द्या. ज्या घरात ऐकणारे कान असतात, तिथे लिहिणारा हात थांबत नाही.