आगीचा ढग आणि पावसाचा ढग

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीत एका भावाने एक प्रश्न विचारला आणि मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. तो म्हणाला, "टीव्हीवर दाखवलं, परदेशात जंगल पेटलं आणि त्या आगीनंच ढग तयार केला. विजा कडाडल्या. मग आपण पंचक्रोशीतल्या साऱ्या गावांनी एकाच दिवशी पऱ्हाट्या पेटवल्या, तर ढग का होऊ नये? पाऊस का पडू नये?"

काही जण हसले. मला हसू आले नाही. ज्याची पेरणी दोनदा मोडली आणि तिसऱ्यांदा ज्याने बियाणे उधारीवर आणले, त्याने आभाळाकडे पाहून कोणताही प्रश्न विचारावा, तो त्याचा हक्क आहे. हसणे हे काही उत्तर नव्हे. म्हणून या वेळी मी वाचून, विचारून आलो आहे.

पहिली गोष्ट ही, की टीव्हीवर दाखवले ते खोटे नाही. कॅनडा, अमेरिकेचा पश्चिम भाग, सायबेरिया, ऑस्ट्रेलिया इथे हजारो हेक्टर जंगल एकदम पेटते, झाडे शेंड्यापर्यंत जळतात. ती धग हवेला वर ढकलते. वर गेलेली हवा थंड होते, तिच्यातल्या वाफेचे पाणी होते आणि ढग फुगू लागतो. वरचे हवामान अस्थिर असेल आणि मधल्या थरात ओलावा असेल, तर हा ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. शास्त्रज्ञ त्याला पायरोक्युम्युलोनिम्बस म्हणतात. आपण आगीचा ढग म्हणू.

पण यातली मेख ध्यानात घ्या. आग ढगाला उचलते; ढगातले पाणी मात्र बहुतेक हवेतलेच असते. विहीर कोरडी असेल तर मोट कितीही ओढा, थारोळ्यात काय पडणार? आपल्याकडे पाऊस ताणतो तेव्हा ओलावाच कमी असतो. शिवाय शेतातली पऱ्हाटी किंवा ज्वारीची धसकटे जळतात ती घटकाभर. त्या आगीला जंगलाच्या आगीची धग कुठून येणार?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. असा ढग झाला तरी तो नीट बरसत नाही. ढगातला प्रत्येक थेंब कसल्या तरी कणावर धरतो. धूळ, मीठ, धूर, काहीही चालते. साध्या ढगात कण बेताचे असतात. ढगातले दहा लाखांच्या आसपास बारीक थेंब एकत्र येतात तेव्हा पावसाचा एक थेंब होतो. आगीच्या ढगात धुराचे कण बेसुमार. एक भाकरी आणि खाणारे शंभर, अशी गत. पाणी तेवढेच, पण वाटेकरी इतके की एकाही थेंबाला जड होता येत नाही. थेंब बारीक राहतात, तसेच वर जाऊन गोठतात. जो थोडा पाऊस खाली निघतो तो बहुधा खालच्या तापलेल्या कोरड्या हवेत विरून जातो. जमिनीवर पोचते ती वीज आणि पोचतो तो वारा.

मग तुम्ही विचाराल, हे कळले कसे? आगीच्या तोंडाशी जाऊन कोणी थेंब मोजलेत काय? काही ठिकाणी विमाने गेली, पण खरी नजर ठेवली ती उपग्रहांनी. विषुववृत्तावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असे हवामान उपग्रह आहेत, जे पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून एकाच मुलखावर कायम नजर ठेवतात. जपानचा हिमावारी दर दहा मिनिटांनी चित्र पाठवतो. अमेरिकेचे गोज उपग्रह त्यांच्या देशाचे चित्र दर पाच मिनिटांनी देतात, आणि मोठी आग असेल तर तेवढ्या भागाचे दर मिनिटाला.

या उपग्रहांना अनेक नजरा असतात. त्यातल्या तीन आपण समजून घेऊ. पहिली नजर आपल्या डोळ्यासारखी. तिला दिवसा धूर आणि ढग दिसतो. दुसरी नजर ढगाच्या माथ्याचे तापमान वाचते. माथा उणे चाळीस अंशांच्या खाली गेला, म्हणजे तिथे सगळे बर्फ झाले, ढग पूर्ण वाढला. तिसरी नजर तापाची. जमिनीवर आग असेल तिथे तिला ठळक ठिपका दिसतो.

आता गंमत पाहा. दुसऱ्या नजरेने पाहिले तर आगीचा ढग आणि वळवाच्या पावसाचा ढग, दोघांचेही माथे सारखेच थंड. फरक ओळखू येत नाही. पण दिवसा तिसऱ्या नजरेने पाहिले की चोर सापडतो. आगीच्या ढगातले बर्फाचे कण फार बारीक असतात, ते सूर्याचा प्रकाश जास्त परतवतात, त्यामुळे तो माथा त्या नजरेला आहे त्यापेक्षा ऊन भासतो. एक नजर म्हणते बर्फ, दुसरी म्हणते ऊन, आणि ढगाचे मूळ आगीच्या ठिपक्यावर रोवलेले. तिन्ही खुणा जुळल्या की समजावे, हा पाऊस देणारा ढग नव्हे.

एकाच चित्रावर विसंबले की काय होते, त्याचा दाखला देतो. जून १९९१ मध्ये फिलिपाईन्समध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याच महिन्यात खूप उंचावर कणांचा एक थर आढळला. तो पिनाटुबोचाच, असे धरले गेले. माईक फ्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी उपग्रहचित्रे पुन्हा काढून ताळा केला आणि २०१० मध्ये दाखवून दिले, की तो थर कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या बे-कोमो इथल्या जंगलाच्या आगीचा होता. कर्ज एकाचे आणि बोजा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर! चित्रे तेव्हाही होती. पण आगीचा धूर इतका वर जाऊच शकत नाही, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते, म्हणून कोणी पाहिलेच नाही.

त्यानंतर पाहायला लागले तेव्हा कळले, की हे अपवादाने घडत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या आगींचा धूर बारा किलोमीटरवर पोचला. काळी काजळी ऊन शोषते, तापते आणि आणखी वर चढते. दोन महिन्यांत तो धूर तेवीस किलोमीटरपर्यंत गेला. तिथे पाऊस नाही, म्हणून धूर धुऊन निघत नाही, महिनोन्‌महिने टिकतो. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या आगींचा धूर तर पृथ्वीला वळसा घालून आला आणि पस्तीस किलोमीटरपर्यंत चढला. २०२३ मध्ये एकट्या कॅनडात असे शंभरावर ढग मोजले गेले.

आणि जमिनीवर काय झाले? १८ जानेवारी २००३ रोजी ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा इथे अशा ढगाखाली आगीची वावटळ उठली. चार माणसे गेली, सुमारे ५०० घरे जळाली. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यातल्या आगींत १७३ माणसे मेली. त्या दिवशी आगीच्या ढगांतल्या विजांनी पुढे कोरड्या रानात नव्या आगी लावल्या. म्हणजे आगीने ढग केला आणि ढगाने आग पेरली. पाऊस मागायला जावे आणि वणवा पदरात पडावा, असा हा सौदा आहे.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. मेळघाट, गडचिरोलीच्या जंगलांत फाल्गुन-चैत्रात आगी लागतात, पण त्या बहुतेक पाचोळ्याच्या, जमिनीलगतच्या आगी. तेव्हा आगीच्या ढगाची धास्ती इथे घेण्याचे कारण नाही. पण उपग्रहाची नजर इथेही आहे. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाने टिपलेल्या आगींचे इशारे मोबाईलवर पाठवते. आपला इन्सॅट-३डीएस उपग्रह १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सुटला, त्यालाही ती तापाची नजर आहे. हवामान खात्याची उपग्रहचित्रे कोणालाही पाहता येतात. त्यावर पांढरा डाग दिसला म्हणजे पाऊस आला, असे समजून कोणी तिफण जुंपू नये. चित्रात माथा दिसतो, पोट दिसत नाही. चित्राला पर्जन्यमापकाचा, वाऱ्याचा आणि आपल्या जमिनीच्या ओलीचा ताळा लावल्याशिवाय ते चित्र अर्धेच.

विजेचे मात्र आपल्याला रोजचे आहे. देशात दरवर्षी दोन हजारांवर माणसे वीज पडून मरतात, आणि त्यात शेतात राबणारी फार. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने दामिनी नावाचे मोबाईल ॲप केले आहे. आपल्या आसपास विजा होत असतील तर ते इशारा देते. घरातल्या शिकल्या पोराकडून ते आजच घालून घ्या. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली उभे राहू नका, पक्क्या घरात जा, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. निंदणीच्या बायांनाही हे सांगा. मुकादम सांगेल म्हणून थांबू नका.

शेवटी, ज्या भावाने प्रश्न विचारला त्याला माझे उत्तर. दादा, तुझा प्रश्न वेडगळ नव्हता. आग ढग करू शकते हे जगातल्या मोठमोठ्या जाणत्यांनाही उशिरा पटले. पण आपल्या पऱ्हाटीने तो ढग होणार नाही, आणि झालाच तर त्यातून पाणी नव्हे, वीज पडेल. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात एकाने धुरा पेटवला, वारा फिरला आणि शेजाऱ्याची कडब्याची गंजी गेली. दोन बैलांची वर्षाची वैरण तासाभरात राख झाली. बोंडअळीसाठी पऱ्हाटी उभी ठेवू नये, हे बरोबर. पण ती उपटून, बारीक करून खतात घालता येते. ज्या जमिनीत असे खत असते, ती दोन पावसांमधला खंड चार दिवस जास्त सोसते. आभाळातला ढग आपल्या हातात नाही. मातीतली ओल थोडीफार आहे. तेवढी तरी आपल्या हाताने जाळू नका.