कॅमेरा घ्यायच्या आधी गॅलरी उघडा

(या भागात जे बोललो ते इथे लिहून देतोय. भाषा बोलतानाचीच ठेवलीय.)

मागच्या महिन्यात औसा तालुक्यातून माझ्या आतेभावाचा फोन आला. "दादा, सोयाबीनचे पैसे आलेत. बाबांनी कॅमेऱ्याला पंचवीस हजार दिलेत, पुन्हा मागू नको म्हणलेत. सुपरझूम घेऊ का डीएसएलआर?" मागून आत्याचा आवाज, "फोन आहे की हातात! अजून कशाला पाहिजे?"

ते "पुन्हा मागू नको" ऐकून मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण हाच निर्णय मी स्वतः एकदा चुकवलाय.

मी नांदेडला विष्णुपुरीत बीटेक करत होतो. जवळच गोदावरीवरचा शंकरसागर जलाशय. हिवाळ्यात पाण्यावर बदकं उतरायची आणि मला त्यांचेच फोटो काढायचे होते. दोन वर्षं शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि घेतला काय, तर डीएसएलआर, सोबत मिळणारी १८-५५ची लेन्स लावून. का? गळ्यात अडकवला की फोटोग्राफर वाटतो म्हणून! पहिल्याच सकाळी काठावर गेलो, फोटो काढले, खोलीवर येऊन लॅपटॉपवर बघितले. पाणी एकदम झकास. बदकं म्हणजे तिळाचे दाणे. लांबच्या लेन्सला पैसेच उरले नव्हते. ती लेन्स नोकरी लागल्यावर आली.

आता हिशेब बघा. सगळं जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात बोलू, म्हणजे तुलना सोपी जाते. कॅनन १५००डीवर १८-५५ लेन्स पूर्ण ओढली तरी पल्ला ८८ मिलिमीटर. वेगळी ५५-२५० घेतली तर ४००. आणि कॅनन एसएक्स५४०सारखा सुपरझूम? एकाच न निघणाऱ्या लेन्समध्ये २४ ते १२००. निकॉन पी९०० तर २००० पर्यंत जातो.

मग डीएसएलआर कुणी का घ्यावा? उजेडासाठी. सुपरझूमचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. १५००डीचा २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळात जवळजवळ बारापट फरक. पाऊस तोच, पण अंगणात वाटी ठेवली तर किती साचेल आणि परात ठेवली तर किती? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. कोणत्या भांड्यात किती मावतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

पण नुसता मोठा सेन्सर पुरत नाही. १८-५५ लेन्स झूम करून ओढली की तिचं तोंड एफ/५.६ इतकं बारीक होतं. तिच्याऐवजी ५० मिलिमीटर एफ/१.८ लावली तर जवळपास दहापट उजेड आत येतो. ही लेन्स झूम होत नाही, आपल्यालाच पुढं-मागं सरकावं लागतं. नोकरीच्या पहिल्या दिवाळीला मी ती घेऊन गावी गेलो. संध्याकाळी लाईट गेली. आजी चुलीपुढं बसलेली, तोंडावर फक्त जाळाचा उजेड. एक फोटो काढला. आज आजी नाही, तो फोटो भिंतीवर आहे. बदकांसाठी घेतलेला कॅमेरा असा आजीच्या कामी आला.

म्हणून आतेभावाला मी मॉडेल सांगितलंच नाही. म्हणलं, आधी फोनची गॅलरी उघड. मनासारखे न आलेले पन्नास फोटो काढ आणि दोन ढीग कर. एक "लांब होतं" आणि दुसरा "अंधार होता". पक्षी, हरणं, मैदानातल्या मॅचेस पहिल्या ढिगात. हळदीचा कार्यक्रम, रात्रीचं स्टेज, खरोशाच्या लेण्यांचा आतला भाग दुसऱ्यात. पहिला ढीग मोठा असेल तर सुपरझूम. दुसरा असेल तर डीएसएलआर, पण ५०च्या लेन्सचे पैसे धरूनच. नुसत्या १८-५५वर अंधारातल्या फोटोंत फार फरक पडत नाही. आणि दोन्ही ढीग लहान असतील? मग आत्या बरोबर बोलली, फोन आहे की हातात.

त्याचे एकोणचाळीस फोटो "लांब"मध्ये निघाले. हरभऱ्यात शिरलेली हरणं, तारेवरचे वेडे राघू. तरी तो म्हणला, "पण दादा, डीएसएलआर असला तर लग्नाच्या ऑर्डरी मिळतील." मी विचारलं, एक तरी ऑर्डर हातात आहे का? नव्हती. मग आधी एखाद्या स्टुडिओवाल्यासोबत एक सीझन मदतनीस म्हणून जा, त्यांचाच कॅमेरा हाताळ. काम जमलं, आवडलं, तर त्या कमाईतून घे.

सुपरझूमची दुसरी बाजूही त्याला सांगितली. पूर्ण झूमवर हात जरा हलला तरी फोटो गेला, तेव्हा बांधाला नाहीतर झाडाला टेकून उभं राहायचं. दिवस मावळला की खेळ संपला. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी तापलेल्या रानावर हवा थरथरते, तेव्हा कितीही महागडा झूम असो, हरीण पाण्यात बघितल्यासारखं दिसतं. सकाळी लवकर उठणं हाच उपाय.

सेकंडहँड घेणार असाल तर थोडं ऐका. सुपरझूमची लेन्स पाच-सहा वेळा पूर्ण बाहेर-आत करून बघा, अडखळली किंवा करकरली तर सोडून द्या. लेन्स निघत नाही, त्यामुळे आत गेलेली धूळ घरी साफ होत नाही. डीएसएलआरचं शटर किती वेळा पडलंय ते विचारा. आणि निकॉन डी३५०० घेत असाल तर लेन्सवर "एएफ-एस" किंवा "एएफ-पी" लिहिलेलं बघा. जुनी ५० एफ/१.८डी स्वस्त मिळते, पण त्या कॅमेऱ्यावर तिचा ऑटोफोकस चालत नाही. माळेगावच्या यात्रेसारख्या धुळीत तर लेन्स बदलूच नका.

शेवटी काय झालं? पोरानं एकवीस हजारात सेकंडहँड सुपरझूम घेतला, उरलेल्यात मेमरी कार्ड आणि जादा बॅटरी. परवा सकाळी सहाला उठून बांधावर गेला आणि एक काळवीट टिपलं. कान उभे, डोळा इतका स्पष्ट की बघत राहावं. आत्याच्या व्हॉट्सॲपला आता त्याच काळविटाचा डीपी आहे. मी विचारलं, "आत्या, फोन होता की हातात?" ती म्हणली, "फोनमध्ये असला येतोय का रे?"

तर आज रात्री तुमचेही दोन ढीग करून बघा आणि कोणता मोठा निघाला ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.