स्पीकरचा बॉक्स: आजोबांचं सागवान की भुश्याचा बोर्ड?

आजचा भाग ऐकण्याआधी एक काम करा. मोबाईल टेबलावर ठेवून कुठलंही गाणं लावा. आता तोच मोबाईल स्टीलच्या रिकाम्या डब्यात ठेवा. आवाज मोठा झाला ना? आणि थोडा बदललाही. त्या वाढलेल्या आवाजातला बराचसा भाग मोबाईलचा नाही, डब्याचा आहे. हे डोक्यात ठेवा, आज सगळं याच्याभोवतीच फिरणार आहे.

तर झालं असं. आमचा गावचा वाडा पाडला, तेव्हा आजोबांचं सागवानी कपाट माझ्या वाट्याला आलं. फ्लॅटमध्ये ते मावेना. विकायचं म्हटलं की बाबांचा चेहरा उतरायचा. मला तेव्हा स्वतःचे स्पीकर बनवायची खाज होती. पाच इंची वूफर, एक इंची ट्वीटर, बंद बॉक्स. म्हटलं, याच फळ्यांचे करू! बाबा एवढे खूश झाले की एप्रिलच्या उन्हात स्वतः पॉलिश पेपर मारत बसले.

आमच्या सुतारकाकांनी मात्र मान हलवली. म्हणाले, "अरे, पावसाळ्यात दार लागत नाही ते बघितलंयस ना? हे त्याच झाडाचं आहे." मी म्हटलं, काका, पन्नास वर्षं जुनं लाकूड आहे, आता कशाला हलेल? ते म्हणाले, "बरं." सुतार नुसतं "बरं" म्हणाला की समजून जायचं असतं. मला समजलं नाही.

ऑगस्टमध्ये एका रात्री तबला लावला, तर प्रत्येक घुमाऱ्याला बाजूने बारीक "फस्स". कोपऱ्याच्या जोडाला पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली होती. बंद बॉक्सला फट म्हणजे पंक्चर. आत अडकवलेल्या हवेच्या उशीवर वूफर काम करतो, ती हवाच निसटली की बेसचं गणित कोसळतं.

का झालं ते सांगतो. लाकूड जुनं झालं तरी हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ते आयुष्यभर चालतं. लांबीत ते जवळपास बदलत नाही, पण रेषांच्या आडवं, म्हणजे रुंदीत फुगतं. सागवान यात त्यातल्या त्यात शहाणं, तरी कोरड्या एप्रिलपासून ओल्या ऑगस्टपर्यंत वीस सेंटिमीटरची फळी एक ते दोन मिलिमीटर सहज वाढते. माझ्या समोरच्या फळीच्या रेषा उभ्या होत्या, म्हणजे ती रुंदीत वाढणार. वरच्या-खालच्या फळ्यांच्या रेषा आडव्या, त्या त्याच दिशेने वाढायला तयार नाहीत. मग जोड उकलणार नाही तर काय? दाराच्या चौकटीत मोकळी जागा सोडता येते. हवाबंद बॉक्समध्ये ती सोय नाही.

पण फट बुजवता आली असती. खरा घोळ मला नंतर कळला, बाबांच्या तंबोऱ्यामुळे. म्हणजे तंबोरा वाजवत नाहीत ते, ऐकतात. रोज सकाळी ख्याल. एक दिवस म्हणाले, "गाणारा एक स्वर लावला की घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं रे." आधी मी रेकॉर्डिंगला दोष दिला. मग बॉक्सच्या बाजूच्या फळीवर बोटाने ठोकलं. छान "टण्ण" आवाज आला, आणि तोच तो स्वर होता! गायक तिथे पोचला की माझी फळीही त्याच्याबरोबर गायची.

मिरजेला तंबोरा बनवतात ना, तिथे भोपळा आणि तुणीचं लाकूड निवडतात ते गावं म्हणून. तारेचा आवाज त्या भोपळ्याशिवाय केवढासा! तो सगळा गोडवा रेकॉर्डिंगमध्ये आधीच आलेला असतो. मग माझ्या बॉक्सने त्यात आजोबांचं कपाट कशाला मिसळायचं? वाद्याचं अंग बोलकं हवं, स्पीकरचं मुकं. "खरं लाकूड म्हणजे खरा आवाज" असं जाहिरातीत ऐकलं की मला आता तो "टण्ण" आठवतो.

म्हणून दुसरी जोडी केली एमडीएफची. लाकडाचे बारीक तंतू आणि राळ दाबून केलेला बोर्ड. याला रेषा नाहीत, गाठी नाहीत, सगळ्या दिशांना सारखाच. ताठपणात सागवानाच्या बराच मागे, पण ठोकलं की "थड", आणि आवाज तिथेच मरतो. अठरा मिलिमीटरचा बोर्ड, आत मधोमध एक आडवी पट्टी. ती पट्टी विसरू नका, मोठ्या फळीला आधार मिळाला की थरथर निम्म्याहून कमी ऐकू येते, असा माझा अनुभव.

एमडीएफ म्हणजे देव नाही हां. पाणी लागलं तर चहातल्या खारीसारखा फुगतो आणि परत बसत नाही. कापलेल्या कडा आधी पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने बंद करायच्या. कडेला सरळ स्क्रू मारला की बोर्ड चिरतो, आधी भोक पाडायचं. आणि कापताना मास्क लावाच. धूळ पिठासारखी बारीक असते आणि बहुतेक बोर्डांच्या राळेत फॉर्माल्डिहाइड असतं. सुतारकाका रुमाल बांधून कापायला बसले होते, मी त्यांना ओरडून मास्क घालायला लावला. एवढीच माझी या कामातली हुशारी.

आणि प्लाय? त्याची गंमत वेगळी. बीबीसीने 1970च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस थ्री फाइव्ह ए नावाचा छोटा स्पीकर केला. त्याचा बॉक्स फक्त 12 मिलिमीटर बर्च प्लायचा, आतून डांबरी थर चिकटवलेला. पातळ भिंत, पण तिची थरथर गिळायची सोय केलेली. त्यांच्या हारवुड आणि मॅथ्यूज या इंजिनिअरांनी 1977 मध्ये बॉक्सच्या भिंतींवर अख्खा रिपोर्ट लिहिला. म्हणजे प्लायही चालतो, पण नुसता जाड घेऊन भागत नाही, त्याला गप्प करायला शिकावं लागतं. पहिल्यांदा बनवत असाल तर एमडीएफच घ्या, असं मी सांगेन.

आता बाबा. सागवान काढून "भुसा" आणला म्हणून चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या फळ्यांवर त्यांच्या लहानपणीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, दर वाढदिवसाला आजोबांनी उंची मोजून केलेल्या. सुतारकाकांनीच तोड काढली. उरलेल्या फळ्यांचे दोन स्टँड केले, खुणा समोर येतील असे. मधल्या फळीला फुगायला जागा ठेवून, अर्थातच. नवे बॉक्स त्यांच्यावर बसतात, खाली रबराचे तुकडे लावून.

बाबा अजूनही येता-जाता बॉक्सवर टकटक करून बघतात. "भुसा तो भुसाच," म्हणतात, आणि ख्यालाचा आवाज दोन काटे वाढवतात.