खुनी कोण?

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



"यंदा कशावर बोलाल?" असे चिटणीसबाईंनी मला महिन्यापूर्वी विचारले, तेव्हा मी म्हटले, "रहस्यमालिकेवर." त्या क्षणभर गप्प राहिल्या. वर्धापनदिनाला आरोग्य, काटकसर, मुलांचे संगोपन, फार तर प्रवासवर्णन असले विषय शोभतात. टीव्हीवरच्या खुनाबद्दल काय बोलायचे, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. पण मग त्याच हळूच म्हणाल्या, "'रात्रीस खेळ चाले'वर बोलणार असाल तर चालेल. माझा तर्क काय होता तो मात्र सर्वांना सांगा." तेव्हा आजचा विषय संमत झाला आहे. मालिकेचा शेवट काय झाला, ते मात्र मी सांगणार नाही. आपल्यापैकी काही जणींनी ती पाहिलेली नाही, आणि त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही.

झी मराठीवर ही मालिका २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाली. वेळ रात्री साडेदहाची. सिंधुदुर्ग जिल्ह्यातले आकेरी गाव, तिथे नाईकांचा जुना वाडा, घरातील कर्ते पुरुष अण्णा यांचा मृत्यू, आणि त्यानंतर वाड्यात घडणाऱ्या विचित्र गोष्टी. घरात माई, तीन मुलगे, सुना, विधवा लेक छाया, विसरभोळा गडी पांडू, आणि आपणही अण्णांचीच मुलगी म्हणून हक्क सांगणारी सुषमा. बोली मालवणी वळणाची. पुढे या मालिकेचे आणखी दोन भाग झाले, परंतु मी बोलणार आहे ते पहिल्याच भागाविषयी. कारण "हे कोण करते?" या प्रश्नाने आठ महिने आपली झोप आणि सकाळची कामे दोन्ही अडवली, ती त्या वेळी.

आमचा वाडा पाडून आता तिथे चार मजल्यांची इमारत उभी राहिली आहे. पण जिन्यात बसून भाजी निवडण्याची सवय काही गेलेली नाही. सकाळी दहाला गवारीच्या शेंगा मोडता मोडता तपास सुरू व्हायचा. आमच्यात चार पक्ष होते. पहिला भुताचा, हे माणसाचे काम नव्हेच, असे त्याचे म्हणणे. दुसरा इस्टेटीचा, ज्याला जमीन मिळणार तोच करणारा. तिसऱ्या पक्षाचे मत असे की जो सर्वांत कमी बोलतो, त्याच्यावर नजर ठेवावी. चौथा पक्ष एकट्या तळमजल्यावरच्या आजींचा होता. अण्णा मेलेलेच नाहीत, असे त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. प्रेत सर्वांनी पाहिले आहे असे सांगितले, तर त्या विचारीत, "तुम्ही जवळून पाहिले होते का?"

असे तर्क करण्यात वेळ फुकट जातो, असे घरातील पुरुषमंडळी म्हणत. मला तसे वाटत नाही. कालचे वाक्य आठवायचे, त्याला परवाच्या वाक्याशी ताडून पाहायचे, कोण कुठे उभे होते ते ध्यानात ठेवायचे, हा बुद्धीचा व्यायामच आहे. आणि तो काही आपण एकट्याच करतो असे नाही. इंग्रजी कादंबरीकार डिकन्स १८७० साली वारले, तेव्हा एडविन ड्रूड नावाच्या तरुणाच्या रहस्याची त्यांची कादंबरी अर्धीच लिहून झाली होती. ड्रूडचे काय झाले याचा तर्क लोक पुढे वर्षानुवर्षे करीत राहिले. १९१४ साली तर लंडनमध्ये या कादंबरीतील संशयितावर चक्क लुटुपुटीचा खटला भरला. न्यायाधीश झाले होते चेस्टरटन, आणि ज्यूरीचे प्रमुख बर्नार्ड शॉ! शेवटी चेस्टरटनसाहेबांनी स्वतःला वगळून तिथे हजर असलेल्या सर्वांनाच न्यायालयाच्या बेअदबीबद्दल दोषी ठरवले. अमेरिकेत १९८० साली 'डॅलस' या मालिकेतील जे. आर.ला मार्चमध्ये गोळी लागली आणि ती कोणी घातली याचे उत्तर नोव्हेंबरात मिळाले. मधले आठ महिने लोक पैजा लावीत होते. म्हणजे आमचा जिना काही जगावेगळा नव्हता.

फक्त एक फरक आपण ध्यानात घेतला नाही. रहस्याच्या पुस्तकात लेखकाने शेवट आधी ठरवलेला असतो आणि त्या धोरणाने खुणा पेरलेल्या असतात. रोज दिसणाऱ्या मालिकेचे तसे नसते. ती किती महिने चालेल हे पाहणाऱ्यांवर अवलंबून असते. दररोज रात्री उद्यासाठी काहीतरी धाक शिल्लक ठेवावा लागतो. त्यामुळे दार करकरले, सावली हलली, कोणी कोणाकडे रोखून पाहिले, यांतल्या पुष्कळ गोष्टी आपल्याला उद्या पुन्हा बोलवण्यासाठी असतात. त्या पुरावा नसतात. आपण मात्र प्रत्येक गोष्ट पुरावा म्हणून गाठीला बांधीत होतो. मग २०१६ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या भाजण्या चाललेल्या असताना, शेवट झाला, तेव्हा आमच्या जिन्यात कोणाचेच समाधान झाले नाही. "मग त्या सावलीचे काय झाले?" हा प्रश्न मला आजही एक काकू विचारतात.

इथपर्यंत सगळी गंमतच आहे. पण शेवटच्या रात्रीनंतर मी एक गोष्ट केली, आणि तिच्यामुळेच आज बोलायला उभी आहे. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर मी आमचे सर्वांचे तर्क टिपून ठेवीत असे. कोण जिंकते ते शेवटी पाहावे म्हणून. ती पाने मी सलग वाचली, आणि मला जरा चमत्कारिक वाटले. बहुतेक नावे बायकांची होती. छायेवर संशय, कारण ती विधवा आहे आणि तोंडाने कडू आहे. सरितेवर संशय, कारण तिला घरात मान हवा आहे. नीलिमेवर संशय, कारण ती फार शिकलेली आहे आणि कशावर विश्वास ठेवीत नाही. सुषमेवर संशय, कारण तिचा जन्मच वाड्याबाहेरचा. आणि माई इतके सोसते, तेव्हा तिच्या पोटात काहीतरी असणारच, म्हणून माईवरसुद्धा! पुरुषावर संशय घ्यायला आम्हांला काही कारण लागत होते. बाईवर संशय घ्यायला तिचा स्वभाव पुरत होता. आणि हे तर्क करणाऱ्या आम्ही सगळ्या बायकाच होतो.

ही सवय मालिकेने लावली असे म्हणून सुटता येणार नाही. ती फार जुनी आहे, आणि तिचे सर्वांत मोठे उदाहरण इथून पाच मिनिटांच्या वाटेवर उभे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. पेशव्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे. आता मला सांगा, "हे कोणी केले?" असे आपण आपल्या नातवंडांना सांगताना पहिले नाव कोणाचे घेतो? आनंदीबाईचे. तिने 'ध'चा 'मा' केला, म्हणजे 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' केले. ही कथा आपल्याला इतकी पाठ आहे की तिचा वाक्प्रचारच होऊन बसला. परंतु तो फेरफार तिच्याच हातचा होता हे निर्विवाद सिद्ध करणारा पुरावा नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, आणि देहान्त प्रायश्चित्ताचे बोल त्यांनी सुनावले ते रघुनाथरावांना. न्यायाधीशाने नाव घेतले काकाचे. लोकांच्या तोंडी राहिले ते काकूचे. पुढे नाटके झाली, चित्रपट झाले, आणि तर्काचा इतिहास होऊन बसला. आनंदीबाई निर्दोष होती असे मी म्हणत नाही. तेही सिद्ध करायला माझ्याजवळ काही नाही. एवढेच म्हणते की अडीचशे वर्षे आपण एका बाईला एका अक्षरावरून शिक्षा देत आलो, आणि तो कागद पाहायला मागितला नाही.

आता शेवटची गोष्ट. ती सांगण्यापूर्वी जिच्याविषयी ती आहे तिची परवानगी मी घेतली आहे.

त्याच २०१६ सालच्या श्रावणात आपल्या मंडळाची सहल गेली होती. परत आल्यावर हिशेबात अठराशे रुपये कमी पडले. तेव्हाच्या आपल्या खजिनदारबाई मुळात अबोल. त्यांनी वही तीनदा तपासली, काही सापडेना; त्या आणखी गप्प झाल्या. इकडे जिन्यात आमचा तपासाचा हात चांगला बसलेला होता. जो कमी बोलतो त्याच्यावर नजर ठेवावी, हे सूत्र तयारच होते. आणि एका सकाळी कोणीतरी म्हणाले, "त्यांच्या मुलीचे लग्न झाले ना नुकतेच?"

बस्स, एवढेच वाक्य. आरोप कोणीच केला नाही. पण ते वाक्य दुपारपर्यंत खालच्या मजल्यावर गेले, संध्याकाळी ओंकारेश्वराच्या दर्शनाला जाऊन आले, आणि दोन दिवसांत त्यांच्या कानी पोचले. मैत्रिणींनो, ते वाक्य माझे होते.

महिन्याभराने भजनाच्या दिवशी मी माझी वही उघडली, तर आत बसवाल्याची पावती. उचल दिलेली रक्कम अठराशे रुपये. सहलीच्या सकाळी मी पुढच्या बाकावर बसले होते, म्हणून त्याने पावती माझ्या हाती दिली होती, आणि मी ती हातातल्या वहीत सरकवली होती. आठ महिने मी नाईकांच्या वाड्यातील गुन्हेगार शोधीत होते, आणि आमच्या हिशेबातला पुरावा माझ्याच वहीत पडून होता.

मी क्षमा मागितली. त्यांनी ती दिलीही. पण पुढच्या वर्षी त्यांनी पद घेतले नाही. मालिकेत चुकलेला तर्क दुसऱ्या दिवशी हसून सोडून देता येतो, कारण तिथल्या छायेला आणि माईला तो ऐकू जात नाही. शेजारच्या घरात मात्र तो ऐकू जातो.

म्हणून तर्क करू नका, असे मी सांगणार नाही. पुढची रहस्यमालिका आली की आमचा जिना पुन्हा भरेल, आणि मी वही घेऊन पहिल्या पायरीवर बसेन. फक्त आता मी त्या वहीत एक रकाना वाढवला आहे. नावापुढे लिहायचे: हे आपण पाहिले, की आपल्याला तसे वाटले? तुम्हीही लिहून पाहा. पुष्कळशी नावे त्या रकान्याशी येऊन अडतात.

खजिनदारबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. परवानगी मागायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "सांगा की. पण पावती कुठे सापडली, तेही सांगा."

ते सांगितले. आता बसते.